वारुळापाशी भरलेली परिषद

फार पूर्वी, जनावरं शेकोट्या पेटवून रानंच्या रानं संपवत होती, तेव्हाची ही गोष्ट. लाकूड न जाळता ऊब कशी मिळवावी आणि उन्हाळ्यात गारवा कसा, हे शोधायला बर्फाळ देशाचं अस्वल, वाळवंटातला उंट आणि दूरचा पेंग्विन भर वैशाखात एका वारुळाच्या गार भिंतीला पाठ टेकून बसले.

लाकूड संपलं तर त्या वारुळात राहणाऱ्या वाळवीने खायचं काय? ती बाहेर येऊन म्हणाली, "आमच्या घरात खालून गार वारा शिरतो, वरून गरम निघून जातो."

"बाई, आधी जाणकारांना बोलू द्या," उंट म्हणाला.

तीन दिवस वाद घालून त्यांनी ताडपत्रावर ठराव लिहिला: 'उपाय सापडला नाही. पुढची बैठक इथेच घ्यावी, जागा फार गार आहे.'

वाळवीने अख्खं ताडपत्र फस्त केलं आणि तोंड पुसत म्हणाली, "बाकी सगळं फिकंच होतं हो, शेवटची ओळ तेवढी चवदार!"