माठातली खार

लहान पोरांना गोष्ट सांगा म्हणून हात धुऊन मागं लागलात, तर ऐका. मध्ये बोलायचं नाही.

फार जुन्या काळी तळ्याकाठच्या वडाच्या ढोलीत पिल्लांचं वाचनालय होतं. ते बगळा चालवायचा. पिल्लं येईनाशी झाली, तेव्हा पंच म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत बघू, नाहीतर ढोली वटवाघळांना देऊ."

बगळा गोंधळला. दर रविवारी तो माठात अडकलेल्या खारीची गोष्ट वाचायचा, अर्ध्यात पुस्तक मिटून तात्पर्य विचारायचा, मग चित्रांची स्पर्धा, मग बक्षीस. आणखी काय करायचं माणसानं, म्हणजे बगळ्यानं?

एक दिवस पुस्तकच गायब. शोधता शोधता करंजाच्या झुडपाआड सगळी पिल्लं सापडली. पुस्तक मुंगसाच्या पिल्लाच्या पुढ्यात.

"चोरा!" बगळा ओरडला.

"काका, खारीचं पुढं काय झालं ते बघून परत ठेवणार होतो."

"अरे, तात्पर्य सांगितलं ना? परक्याच्या माठात डोकावू नये!"

"ते पाठ आहे हो. पण ती बाहेर निघाली का?"

बगळ्यानं पुस्तक आपल्या पुढ्यात ओढलं. त्याला तरी कुठं ठाऊक होतं? शेवटची पानं त्यानं कधी उलटलीच नव्हती.

"चुकलो रे, तू चोर नाहीस. सरक जरा," म्हणत तो पिल्लांत बसला.

पुढच्या रविवारी ढोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

मलाही आमच्या वाचनालयात चारचौघांत पुस्तकचोर म्हटलं होतं. बगळ्यानं माफी मागितली. सदुभाऊ मोहित्यांनी अजून मागितलेली नाही.