नटलेला आकडा

अवजारं तोंड वाजवून भांडायची, त्या काळची ही गोष्ट. रंगकामाच्या कारखान्यात रंगाची पूड उडवणारी नवी बंदूक आली. पूड विजेच्या जोरावर चिकटायची. त्यासाठी टांगलेल्या वस्तूला आकड्याच्या उघड्या लोखंडाचा स्पर्श लागायचा.

फाटक टांगलं. बंदुकीने पुन्हा पुन्हा फवारलं, पण सगळी पूड जमिनीवर.

"नवी आहेस, शिकशील," आकडा म्हणाला. "माझ्यावर बघ, किती रंग चढलेत!"

"अरे, तेच तर नडतंय!" बंदूक कडाडली. "डोकं उठवलंस माझं! तुला फाटक धरायला ठेवलंय, नटायला नाही!"

कानशीने आकडा खरवडला. तो रडला, पण फाटक निळंशार झालं. थोडा निळा रंग आकड्यावरही चढला.

"शोभतोय ना मला?" त्याने विचारलं.

बंदुकीने सुस्कारा टाकला. "कानसबाई, तुम्ही जाऊ नका."