परातीतला म्हातारा

फार जुनी गोष्ट आहे. खोटी वाटली तर आपल्या घरच्या परातीला विचारा. नाताळच्या तोंडावर एका संध्याकाळी फिलूमावशीने पावासाठी पांढरंशुभ्र पीठ चाळलं आणि मधोमध मागच्या वेळच्या पिठातून विरजणासारखा राखलेला आंबट गोळा ठेवला.

पीठ किंचाळलं, "ए म्हाताऱ्या, हो बाजूला! काय घाण वास मारतोस! मला आहे तसंच राहायचंय!"

गोळा काही बोलला नाही. मावशीने पाणी घालून मळायला घेतलं आणि बघता बघता गोळा दिसेनासा झाला. तिने पिठावर बोटाने क्रूस काढला, वर पांढरं फडकं झाकलं आणि ती प्रार्थनेला गेली.

"मेला एकदाचा," पीठ खुशीत म्हणालं.

अंधार पडला, तसं फडकं हळूहळू वर उचललं जाऊ लागलं. खाली कोणीतरी श्वास घेत होतं.

"परातीबाई, कोण आलंय?" पीठ कुजबुजलं.

"माझ्यात तुझ्याशिवाय कोणी नाही, बाबा," परात म्हणाली.

पिठाने कडेला शोधलं, तळाशी शोधलं. जिकडेतिकडे तोच आंबट वास. शेवटी ते घाबरून ओरडलं, "म्हाताऱ्या, कुठे आहेस तू?"

"इथेच," उत्तर आलं, आणि ते पिठाच्याच तोंडून आलं.

मावशी परतली. दुप्पट फुगलेलं पीठ बघून तिने देवाचे आभार मानले, लिंबाएवढा गोळा काढून मडक्यात ठेवला आणि बाकीच्याचे पाव भाजले.

पुढच्या सणाला मडकं उघडलं, तेव्हा परातीत नवं पीठ नाक मुरडून बसलं होतं. "ए म्हाताऱ्या, हो बाजूला!"

गोळ्याला हसू आलं. पण तो काही बोलला नाही.