पाणकोंबडीचा मोडका पंख

पाणथळीवर माणसं मुलाबाळांना घेऊन पक्षी बघायला नुकती कुठं येऊ लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. चैत्रात एक टिटवी उघड्या जमिनीवर अंडी उबवत होती. एक कुटुंब जवळ आलं, तशी ती पंख मोडल्यासारखी फरफटत दूर गेली. सगळे तिच्यामागे गेले आणि अंडी वाचली.

लव्हाळ्यातल्या जांभळ्या पाणकोंबडीचा मात्र तिळपापड झाला. "माझा हा रंग सोडून या मातकट बयेमागं धावतात? एवढं लंगडणं मला येत नाही होय?"

"अगं, ते सोंग अंड्यांसाठी होतं," टिटवी म्हणाली. "तुझी अंडी कुठं आहेत?"

"अंडी घालत बसायला मी काय रिकामी आहे?" असं म्हणून पाणकोंबडी दुसऱ्या दिवशी भर वाटेवर एक पंख फरफटत टिटवीपेक्षा झोकात लंगडली.

एक चिमुरडी रडायलाच लागली. "आई, बिचारीचा पंख मोडलाय!"

रखवालदार धावत आला. त्यानं पाणकोंबडीला टोपलीखाली पकडलं, पंखाला पट्टी बांधली आणि पिंजऱ्यात ठेवलं. लोकांची ही गर्दी जमली.

"अहो, मला काही झालेलं नाही!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

"किती दुखतंय हो तिला," लोक हळहळले, आणि रखवालदारानं पट्टी आणखी आवळली.