पेवाच्या जिन्यातली परी

सगळ्यात आधी हरवली ती गुणगुण.

श्रावणातल्या त्या सकाळी हिरू घागर घेऊन झऱ्यावर गेली आणि दचकून थांबली. पाणी झुळझुळत होतं, दगडांवर मखमली शेवाळ होतं, इवलेसे बेडूकही जागच्या जागी होते. मधमाश्यांचा आवाज तेवढा नव्हता. दर श्रावणात झऱ्याकाठच्या ओलीत पेव फुलायचं. जिन्यासारखी गोल गोल वर चढणारी पानं, टोकाला लालचुटुक बोंड आणि त्यातून डोकावणारी पांढरीशुभ्र, पिवळ्या गळ्याची फुलं. यंदा तिथं नुसता चिखल होता.

"आत्या, झऱ्यावरचं पेव कुठं गेलं?"

"ते वाळकं होय? झरा साफ करताना उपटून टाकलं मी. मेलेलं ठेवून काय करायचं?"

"मेलं नव्हतं गं ते. उन्हाळ्यात झोपतं."

"बरं बाई. आता तूच मला शिकव," म्हणत आत्यानं चुलीत फुंकर घातली.

हिरूला आई नव्हती. घरात आत्या आणि बा. बा रानातून मध आणायचा, आणि त्यावर तिघांची भाकरी चालायची. बाची नजर अधू होती; लांबची वाट तो कानांनीच ओळखायचा. धुकं उतरलं की त्याला स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे. पण संध्याकाळी माश्या दूरच्या डोंगरावरून पेवाकडे निघायच्या, आणि त्यांची गुणगुण ऐकत ऐकत बा दरीपर्यंत यायचा. मग कड्यावरून हिरू हाक मारायची, "बाऽऽ, कूऽऽ." रानात हाकेला हाक द्यायचीच, अशी तिथली रीत. खालून उत्तर यायचं, "कूऽऽ. आलो गं चिमणे."

त्या वर्षी फुलं नाहीत म्हणून माश्या पलीकडच्या डोंगरावर निघून गेल्या. मधासाठी बा त्यांच्यामागं गेला. पांढरंधोप धुकं उतरलं, माश्या काही परत फिरल्या नाहीत, आणि बाही आला नाही.

हिरू रोज कड्यावर जाऊन हाक मारी. दरी तिचाच आवाज तिला परत देई. आत्या रोज बाच्या वाटची भाकरी झाकून ठेवी आणि सकाळी मुकाट्यानं शेळीला घाली.

थंडी पडू लागली. एके दिवशी झऱ्याजवळच्या कचऱ्याच्या ढिगातून बारीक मुसमुस ऐकू आली. हिरूच्या हातून घागर सुटली.

"पळू नकोस ना," कुणीतरी म्हणालं. "तुझ्यापेक्षा मीच जास्त घाबरलेय."

एका सुरकुतलेल्या, बोटभर गड्ड्याला बिलगून एक पिटुकली परी बसली होती. पेवाच्या पाकळीसारखे तिचे पांढरे पंख कडेनं करपले होते. गळ्याशी मात्र हळदीचा एक पिवळा ठिपका चमचमत होता.

"हे माझं घर," परी म्हणाली. "एवढंच उरलंय. लावशील का गं? पहिलं फूल उमललं की तुझी एक इच्छा पुरी करीन. पण नियम आहेत हं. माती ओली ठेवायची, तिचं डबकं करायचं नाही. उगवलं का म्हणून उकरून बघायचं नाही. आणि इच्छा मागितलीस की फुलातला सगळा मध त्या इच्छेला लागेल. फूल रितं होईल."

"मला माझा बा हवाय. दुसरं काही नको," हिरू म्हणाली.

तिनं झऱ्याकाठी सावलीत गड्डा लावला. त्यावर वाळका पाला पांघरला. परी मातीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

उन्हाळ्यात झरा आटला. हिरू आपल्या पिण्याच्या पाण्यातून ओंजळभर पाणी मातीला घाली. आत काही आहे की नाही? मेलं तर नसेल? तिची बोटं उकरायला शिवशिवत. मग ती हात पाठीमागं बांधून बसे. एकदा आत्या आली, तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि तिनं आपल्या तांब्यातलं पाणी हळूच मातीवर सोडलं.

"झोपलंय ना नक्की?" तिनं विचारलं.

"हो गं आत्या," हिरू म्हणाली. तिला तरी कुठं ठाऊक होतं?

पुढच्या श्रावणात तांबूस कोंब वर आला. त्याची पानं वळत वळत चढली, लाल बोंड धरलं, आणि एका दवभरल्या सकाळी पहिलं फूल उमललं. पिवळ्या गळ्यात परी उभी होती. तिचे पंख आता मोत्यासारखे लखलखत होते.

"माग, हिरू."

हिरूनं तोंड उघडलं. तेवढ्यात एक मधमाशी धडपडत पाकळीवर उतरली. भुकेनं तिचे पाय लटपटत होते. वर्षभरात झऱ्यावर आलेली ती पहिलीच. हिरूनं फुलाकडे पाहिलं, माशीकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आलं.

"तिला पिऊ दे आधी," ती म्हणाली.

"मग तुझी इच्छा राहून जाईल."

"माहीत आहे मला."

परीनं हिरूच्या ओल्या गालाला पंख टेकवला. फुलातून सोनेरी उजेड सांडला, पानांच्या जिन्यावरून झिरपत मातीत उतरला, आणि परी त्यात विरघळून गेली.

हिरू खूप रडली. आत्यानं तिला पदराखाली घेतलं.

ती माशी मात्र पोट भरून पलीकडच्या डोंगरावर गेली, आणि परतली ती सख्यांना घेऊन. त्या एका गड्ड्याला उजेडाच्या वाटेनं कितीतरी कोंब फुटले. झऱ्याचा काठ पांढराशुभ्र झाला. मग एका संध्याकाळी धुकं दाटलं, आणि त्या धुक्यातून, पार दूरच्या डोंगरावरून, माश्यांची गुणगुण झऱ्याकडे येऊ लागली.

हिरू कड्यावर धावली. उत्तर नाहीच आलं तर?

"बाऽऽ," ती म्हणाली, "कूऽऽ."

तिचा आवाज तिच्याकडे परत आला आणि विरला. आत्या मागं येऊन उभी राहिली.

मग खालून, गुणगुणीच्या अगदी पाठोपाठ, एक बसलेला, थकलेला आवाज वर आला.

"कूऽऽ. आलो गं चिमणे."