बिनकामाचं पदक

आमच्या संस्थानात मी कलापरीक्षक होतो. उभ्या जन्मात मी भिंतीत साधा खिळा ठोकला नव्हता, त्यामुळे दुसऱ्यांच्या कामातली खोट मला लगेच दिसायची.

त्या वर्षी प्रदर्शनात तुळसाबाई तांबटीण आली. तिनं पितळेचा मोराच्या घाटाचा अडकित्ता घडवला होता. दाबला की मोर मान लववायचा. जिंकणाऱ्याला पदक आणि दरबारात कायमचं काम मिळणार होतं, म्हणून बाईनं वर्षभर दुसरं काही हाती घेतलं नव्हतं.

मी महाराजांसमोर नाक उडवलं. "हे भांड्यांच्या दुकानात शोभेल. ज्याचा उपयोग होतो ती नुसती वस्तू. ज्याचा कुणालाच काडीचा उपयोग नसतो, ती खरी कला!"

बोलता बोलता सवयीनं मी खिशातून सुपारी काढली, समोरचा तिचाच अडकित्ता उचलला आणि कातरू लागलो. दात कधीच पडलेले, सुपारी मला बारीकच लागते. कागदासारखा पातळ काप पडला आणि माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं.

तुळसाबाईनं पदर सावरला.

"महाराज, रावसाहेबांचा नियम मला कबूल आहे. माझा अडकित्ता आत्ताच कामाला आला, म्हणजे तो बाद. पण मग त्याच नियमानं पहिलं बक्षीस रावसाहेबांनाच द्यावं लागेल."

महाराज पोट धरून हसले. पदक त्यांनी माझ्या गळ्यात घातलं आणि दरबारातलं काम तुळसाबाईला दिलं.

ते पदक आता भिंतीवर आहे. पाहुणे ते न्याहाळतात, तोवर मी तुळसाबाईकडून घेतलेल्या अडकित्त्यानं त्यांना सुपारी कातरून देतो. महाराजांना मात्र सांगू नका. मीही कुणाच्या उपयोगी पडतो हे कळलं, तर पदक परत मागतील.