तोटीचा पहिला घोट

"अक्का पहिल्यांदाच कडू म्हणाली होती, मग तिला दुसरा घोट का प्यायला लावलात?"

एका धाकट्या भावाने हा प्रश्न एका अन्नछत्रात सगळ्यांना विचारला. आज ते अन्नछत्र नाही, ते नगर नाही आणि तिथला राजा कोण होता हेही कुणाला आठवत नाही. इतक्या जुन्या काळची ही गोष्ट आहे.

त्या अन्नछत्रात रोज वाटसरू आणि गोरगरीब जेवत. स्वयंपाकघराला पाणी येई ते भिंतीपलीकडच्या दगडी हौदातून, पितळेच्या एका तोटीने. तोटी राजाच्या आजोबांनी दिलेली, मोराच्या मानेसारखी. रोज तिला चिंच आणि राख लावून घासत, सणाला हळदकुंकू वाहत. तिचं तोंड सोन्यासारखं चमके. तिची मागची बाजू मात्र भिंत आणि हौद यांमधल्या अरुंद फटीत होती. तिथे पाठीवर पडून सरपटत जावं लागे, म्हणून ती कुणी कधी पाहिलीच नव्हती.

तिथे एक रीत होती. पहाटे तोटीचं पहिलं पाणी चाखायला नेमलेल्या बाईने, म्हणजे चाखणारीने, प्यायचं. तिने ते वाईट म्हटलं, तर त्या दिवशी चूल पेटवायची नाही. रीत चांगली होती. पण चूल पेटली नाही की कारभारी आचाऱ्याला फैलावर घेई.

भावाची अक्का तिथली चाखणारी होती. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. एका पहाटे ती म्हणाली, "आचारीबुवा, पाणी कडू लागतंय. तोटी काढून बघा."

"राजाच्या आजोबांची तोटी काढू?" आचारी हसला. "रात्री कारलं खाल्लंस वाटतं. पुन्हा चाख."

तिने चाखलं. "कडूच आहे."

"बाहेर पंगत खोळंबलीये, बाई. चिमणीसारखं काय पितेस? घटाघटा पी, म्हणजे कळेल."

दाराशी पोरं थाळ्या घेऊन उभी होती. अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, आणखी एक घोट घेतला आणि म्हणाली, "असेल माझंच तोंड कडू."

मग रोज तसंच होऊ लागलं. रात्रभर तोटीत तुंबलेलं पाणी अक्काच्या पोटात जाई. त्यामागून येणारं हौदातलं पाणी बाकीच्यांना मिळे. बाकीच्यांच्या पोटात नुसती कळ येई. अक्का वाळत वाळत गेली, आणि एक दिवस उठलीच नाही.

भावाने तो प्रश्न विचारला तो तेव्हा. आचाऱ्याने मान खाली घालून कणीक तिंबायला घेतली. कारभारी म्हणाला, "दुःख आवर, बाळ." आणि त्याच दमात त्याने नवी चाखणारी नेमली. कुंभाराची सून. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं.

ते मूल पाहिलं आणि भावाचं डोकं फिरलं. पोरगा मुळातच तापट. त्याने चुलीजवळची सांडशी उचलली, हातोडी आणि दिवा घेतला आणि फटीत शिरला.

"तोटीला हात लावशील तर खबरदार," कारभारी म्हणाला.

"पाय बाहेर आहेत माझे," आतून आवाज आला. "ओढा की."

कुणी ओढले नाहीत.

आत हलायला जागा नव्हती. नाक दगडाला टेकत होतं. तोटी आवळून धरणारी चाकी हिरव्या थराखाली हौदाच्या नळाशी एकजीव झाली होती. त्याने दात-ओठ खात हिसका दिला. सांडशी निसटली, बोटं सोलली. त्याने सगळ्यांना शिव्या दिल्या, अक्कालाही दिल्या, आणि मग तिथेच पडून रडला.

रडता रडता त्याला घरातला पितळी डबा आठवला. झाकण अडकलं की तो ते आपटायला घ्यायचा. अक्का म्हणायची, "रागावतोस कुणावर? डब्यावर? आधी जरा घट्ट कर रे, मग सैल कर."

त्याने दिव्यातलं तेल चाकीवर सोडलं. ते मुरेपर्यंत थांबला. चहूबाजूंनी हलके ठोके दिले, चाकी आधी जराशी आवळली. आत काहीतरी करकरलं. मग उलटी फिरवली, आणि तोटी सुटून त्याच्या छातीवर पडली.

नळाच्या भोकात चिंध्यांचा बोळा कोंबून तो बाहेर आला. तोटी त्याने आचाऱ्यापुढे धरली. आत पितळेला चढणारा विषारी हिरवा कळंक इतका दाटला होता की गव्हाची काडी जेमतेम गेली असती.

"तोंड तर चमकत होतं," आचारी पुटपुटला.

भावाने त्या जागी बांबूची साधी नळी बसवली. पाणी आलं. आता रीतीप्रमाणे पहिला घोट हवा होता. कुंभाराची सून मूल सावरत पुढे झाली.

"वहिनी, तुम्ही मागे व्हा," भाऊ म्हणाला. त्याने तांब्या आचाऱ्यापुढे केला. आचारी चुलीतली लाकडं सारखी करू लागला. कारभाऱ्यापुढे केला. कारभारी दोन पावलं मागे सरला.

पुढे त्या अन्नछत्रात चाखायला कुणीच तयार होईना. राजाने तो घोट आचाऱ्यावरच सोपवला, आणि पाणी कितीही गोड असलं तरी त्याला ते जन्मभर कडूच लागलं.

पण त्या सकाळी पोरं थाळ्या घेऊन दाराशी ताटकळली होती. भावाने तांब्या तोंडाला लावला आणि डोळे मिटून पहिला घोट घेतला.

"गोड आहे," तो पोरांना म्हणाला. "बसा पंगतीला." मग त्याने तांब्या पालथा घातला आणि तो नगर सोडून गेला.

तात्पर्य: आपल्यासाठी जो पहिला घोट घेतो, त्याचा पहिलाच शब्द खरा मानावा.